निरुपयोगी कोण?

विरारच्या पुढे आगगाडी वैतरणेचा पूल ओलांडते आणि सफाळे, केळवे रोड, पालघर, उमरोळी, बोईसर अशी एकेक स्थानके मागे टाकीत डहाणूकडे धावू लागते. खिडकीशी बसलेल्या उतारूला पूर्वेस डोंगरांची निळसर रांग दिसते. पश्चिमेस भातखाचरे, ताडाची आणि शिंदीची झाडे, आणि मधूनमधून खाडीच्या पाण्याने भिजलेली काळी, चिखलाची जमीन पसरलेली असते. तिच्यावर खुरटी, हिरवी झुडपे दाटीने उभी असतात. उतारू क्षणभर पाहतो, ‘येथे पाहण्यासारखे काय आहे?’ असे मनाशी म्हणतो आणि पुन्हा हातातील मोबाईलकडे वळतो. गाडी पुढे जाते. जे पाहण्यासारखे होते, ते मागे राहते.

त्या चिखलाच्या जमिनीला त्या भागात खाजण म्हणतात. सर्वसामान्य बोलण्यात मात्र तिला ‘पडीक’, ‘ओसाड’, ‘निरुपयोगी’ अशी नावे मिळतात. शब्द लहान असतात. परंतु त्यांचे परिणाम मोठे होतात. एखाद्या जागेला एकदा निरुपयोगी म्हटले, की तिच्यात कचरा टाकताना कोणाला संकोच वाटत नाही. तिच्यावर मातीचा भराव टाकला, तर कोणाला हळहळ वाटत नाही. एखाद्या झाडाला ‘जंगली’ आणि एखाद्या जिवाला ‘क्षुद्र’ म्हटले, की त्याच्याकडे पुन्हा वळून पाहण्याचे कारणही उरत नाही. म्हणून हा शब्द उच्चारण्यापूर्वी फार विचार केला पाहिजे. ज्याची ओळखच करून घेतलेली नाही, त्याला निरुपयोगी ठरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. हे म्हणणे कितपत खरे आहे, ते पडताळून पाहण्यास पालघर जिल्ह्यासारखे दुसरे ठिकाण क्वचितच सापडेल.

हा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झाला. सागरी, नागरी आणि डोंगरी असे त्याचे वर्णन केले जाते आणि ते यथार्थ आहे. त्याच्या एका अंगाला अरबी समुद्र आहे, दुसऱ्या अंगाला जव्हार-मोखाड्याचे डोंगर आहेत, आणि मध्ये बोईसरजवळ तारापूरची मोठी औद्योगिक वसाहत आहे. देशातील पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ साली तारापूर येथेच सुरू झाले. येथे यंत्रांचा घरघराट आणि सागराची गाज शेजारी शेजारी ऐकू येतात. अशा ठिकाणी कोणती जमीन कशासाठी वापरावी, हा प्रश्न रोजचाच असतो. त्याचे उत्तर देण्याआधी तेथे कोण राहते, हे विचारले पाहिजे.

प्रथम खाजणातील झुडपांकडेच पाहावे. त्यांना खारफुटी म्हणतात. तिवर, कांदळ, चिप्पी ही त्यांतील काहींची नावे. साध्या रोपाला समुद्राचे पाणी घातले, तर ते चार दिवसांत माना टाकते. खारफुटी मात्र दररोज दोनदा भरतीच्या खाऱ्या पाण्यात उभी राहते आणि तरीही हिरवीगार असते. तिवराच्या पानांना जास्तीचे मीठ बाहेर टाकण्याची सोय आहे. उन्हाच्या वेळी पान निरखून पाहिले, तर त्यावर मिठाचे बारीक कण चमकताना दिसतात. खाजणातील चिखल इतका घट्ट असतो, की त्यात मुळांना श्वासापुरतीही हवा मिळत नाही. त्यावरही तिवराने उपाय शोधला आहे. त्याची काही मुळे खाली जाण्याऐवजी वर येतात आणि पेन्सिली रोवून ठेवाव्यात तशी चिखलातून डोके काढून उभी राहतात. त्यांच्यावरील सूक्ष्म छिद्रांवाटे झाड हवा घेते. ज्या मुळांत माणसाचा पाय अडखळतो, ती त्या झाडाची नाके आहेत!

कांदळाची तऱ्हा याहूनही निराळी. इतर झाडांचे बी मातीत पडते आणि मग रुजते. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते. त्याला लांब शेंगेसारखा कोंब फुटतो, आणि आईच्या कडेवर मूल वाढावे तसा तो फांदीवर लोंबत वाढतो. पुरता तयार झाला, की गळून पडतो. ओहोटी असेल तर चिखलात उभा रुततो, भरती असेल तर पाण्यावर तरंगत नव्या किनाऱ्याला जाऊन लागतो. पांढरी चिप्पी या खारफुटीची फुले तर रात्री उमलतात. वटवाघळे त्यांतील मध चाखावयास येतात, आणि सकाळ होता होता फुलांचे केसर गळूनही जातात. महाराष्ट्र शासनाने २०२० साली याच पांढऱ्या चिप्पीला राज्याचा कांदळवन वृक्ष म्हणून मान दिला. ज्याला लोक झुडूप म्हणून टाळीत होते, ते राज्याचे मानचिन्ह झाले.

या झाडांच्या पायाशी ओहोटीच्या वेळी चिखल नुसता वळवळत असतो. तेथे निवटी नावाचा मासा राहतो. मासा म्हटला म्हणजे तो पाण्याबाहेर तडफडून मरणार, अशी सर्वांची समजूत असते. निवटी मात्र पाणी ओसरले की चिखलावर येते, छातीच्या परांवर रेटा देत सरपटते, प्रसंगी टुणकन उडीही मारते. तिची त्वचा आणि तोंडाच्या आतील अस्तर ओले असेपर्यंत तिला हवेतील प्राणवायू घेता येतो. म्हणून ती मधूनमधून चिखलात लोळून अंग भिजवून घेते. तिचे डोळे बेडकासारखे डोक्यावर असतात, आणि ते कोरडे पडू लागले की ती ते खोबणीत ओढून ओले करते. निवटीच्या काही जाती चिखलातील बिळात अंडी घालतात. बिळात हवा पुरेशी नसते. तेव्हा त्या बाहेरून तोंडात हवा भरून नेतात आणि अंड्यांपाशी सोडतात. पिलांसाठी चोचीतून दाणा नेणारा पक्षी सर्वांनी पाहिलेला असतो. पिलांसाठी तोंडातून वारा नेणारा मासा आगगाडीच्या रुळांपासून थोड्याच अंतरावर आहे, हे किती जणांना ठाऊक असते?

निवटीच्या शेजारी लहान खेकड्यांची वस्ती असते. त्यांतील नराची एक नांगी एवढी मोठी असते, की तो ढाल घेऊन उभ्या असलेल्या शिपायासारखा दिसतो. या नांगीने त्याला खाता येत नाही. खाण्याचे काम धाकट्या नांगीने करावयाचे, आणि थोरलीने मादीला खुणा करावयाच्या व प्रतिस्पर्ध्याला धाक घालावयाचा. हे खेकडे चिखल उचलून तोंडाशी नेतात, त्यातील अन्नकण घेतात आणि उरलेल्या चिखलाच्या बारीक गोळ्या करून बाहेर टाकतात. त्यांच्या बिळांमुळे चिखलात हवा खेळते आणि खारफुटीच्या मुळांना तिचा लाभ होतो. झाड खेकड्याला सावली देते, खेकडा झाडाची जमीन नांगरतो. शेतकरी आणि बैल यांच्यात असते तसेच हे नाते आहे. फक्त येथे कोणाच्या हाती आसूड नाही.

या चिखलाचा माणसाला काय उपयोग, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर कोळीवाड्यात मिळते. कोळंबीची पिल्ले समुद्रातून खाडीत येतात आणि खारफुटीच्या मुळांच्या जाळीत वाढतात. तेथे त्यांना अन्न मिळते आणि मोठ्या माशांपासून आसरा मिळतो. बोय, जिताडा असे मासेही खाडीच्या आधाराने मोठे होतात. समुद्राच्या लाटांचा जोर खारफुटी कमी करते आणि किनाऱ्याची माती धरून ठेवते. म्हणूनच मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली राज्यातील खारफुटी तोडण्यास मनाई केली आणि २०१८ साली ती मनाई कायम केली. ज्या जमिनीला लोक पडीक म्हणत होते, ती वस्तुतः माशांची पाळणाघरे सांभाळीत होती.

बोईसर आणि पालघर यांच्या पश्चिमेस सातपाटी व मुरबे ही कोळी लोकांची गावे आहेत. २०२१ सालच्या ऑगस्ट महिन्यात मुरब्याच्या एका नौकेच्या जाळ्यात घोळ जातीचे सुमारे १५७ मासे एकाच वेळी सापडले. त्यांना सुमारे १ कोटी ३३ लाख रुपये किंमत आल्याची वार्ता वृत्तपत्रांतून सर्वत्र पसरली. एवढे मोल घोळीच्या मांसाला नव्हते. ते होते तिच्या पोटातील हवेच्या पिशवीला. कोळी या पिशवीला बोत म्हणतात आणि परदेशांत तिला मोठी मागणी असते. पण ही पिशवी घोळीला कशासाठी असते, याची चौकशी फार थोड्यांनी केली. तिच्या साहाय्याने घोळ पाण्यात स्वतःला तोलून धरते. एवढेच नव्हे, तर तिच्याभोवतीचे स्नायू थरथरवून ती ढोल वाजविल्यासारखा आवाजही करते. घोळीच्या कुळातील मासे अशा आवाजाने पाण्याखाली एकमेकांना साद घालतात. मुके म्हणून ज्यांची उपमा देतात, त्या माशांतही ढोलकरी आहेत!

ही वार्ता ऐकून पुष्कळांना पैशांचे आश्चर्य वाटले. ते स्वाभाविक आहे. कष्टाने जगणाऱ्या कोळ्याच्या पदरात समुद्राने भरभरून टाकावे, याचा आनंद कोणालाही व्हावा. परंतु किंमत आणि मोल या दोन गोष्टी एक नव्हेत. बाजारात घोळीची किंमत एका दिवसात ठरते. खाडीतील अन्न खाऊन जगणारे हजारो लहान जीव, त्यांना खाणारे मासे, त्या माशांना खाणारी घोळ ही साखळी जुळण्यास मात्र युगे लागलेली असतात, आणि तिची पावती कोणत्याही दुकानात फाडली जात नाही. पापलेटला २०२३ साली महाराष्ट्राचा राज्यमासा म्हणून घोषित केले गेले. सातपाटीचे पापलेट दूरवर नावाजलेले आहे. पण मानाचा मुकुट चढविल्याने मासे वाढत नाहीत. लहान पिल्ले जाळ्यात ओढली जाणार नाहीत, याची काळजी घेतली तरच ते वाढतात. शेतकरी बियाण्याचे भात दळून खात नाही. समुद्रातही बियाणे राखून ठेवावे लागते.

खाडीकडून डोंगराकडे वळले, म्हणजे ओढ्याच्या काठी उंबराचे झाड हटकून भेटते. फार दिवसांनी भेटणाऱ्या माणसाला मराठीत ‘उंबराचे फूल’ म्हणतात. उंबराचे फूल कोणालाच दिसत नाही, अशी समजूत या म्हणण्यामागे आहे. खरे पाहता उंबराला फुले नसतात असे नाही. ती असंख्य असतात. ज्याला लोक उंबराचे फळ म्हणतात, त्याच्या पोटात ती दाटीवाटीने भरलेली असतात. मग बंद पेटीतील या फुलांचे परागण कोण करते? तिळाहूनही लहान अशा कीटकाची मादी उंबराच्या तोंडाशी असलेल्या सूक्ष्म छिद्रातून आत शिरते. वाट इतकी अरुंद असते, की शिरताना तिचे पंखही पुष्कळदा तुटून पडतात. दुसऱ्या उंबरातून आणलेले परागकण ती आतील फुलांना देते, काही फुलांत अंडी घालते आणि तेथेच प्राण सोडते. पुढे त्या अंड्यांतून नर व माद्या बाहेर पडतात. नरांना पंख नसतात. ते माद्यांसाठी उंबराची भिंत कोरून वाट करून देतात आणि बाहेरचे जग न पाहताच मरतात. माद्या नवे परागकण घेऊन उडून जातात.

उंबर खाताना आत किडे निघाले, की लोक तोंड वेडेवाकडे करून ते फेकून देतात. पण तो किडा नसता तर उंबराचे बी नसते, आणि बी नसते तर उंबरही नसता. उंबराची फळे वर्षातून अनेकदा येतात. इतर झाडे रिकामी असतात त्या दिवसांत हरियाल, बुलबुल, माकडे आणि वटवाघळे यांची पोटे उंबर भरतो. एका तिळाएवढ्या कीटकाच्या पाठीवर केवढ्या मोठ्या पंगतीचा भार आहे! ‘उंबराचे फूल’ दुर्मिळ आहे ते न उमलण्यामुळे नव्हे. ते उघडून पाहण्याची इच्छा दुर्मिळ आहे म्हणून.

कधी कधी पाहूनही चुकीचे पाहिले जाते. पावसाळ्याच्या आरंभी तारापूर-डहाणूकडील शिंदीच्या झाडांवर सुगरण पक्ष्यांची घरटी लोंबू लागतात. दुधी भोपळ्याला खालून लांब नळी जोडावी, तसा त्यांचा आकार असतो. एवढी सुबक विणकर पाहून लोकांनी तिला सुगरण हे नाव दिले. सुगरण म्हणजे गृहकृत्यांत कुशल स्त्री. परंतु ते घरटे विणतो नर! भाताच्या पात्यांच्या व ताडाच्या पानांच्या चिंधोट्या चोचीने फाडून तो आणतो आणि गाठी मारमारून घर उभारतो. घर अर्धे झाले, की मादी परीक्षेला येते. तिच्या पसंतीस उतरले तर तो ते पुरे करतो. न उतरले तर पुष्कळदा तसेच सोडून देतो. एक घर मादीने स्वीकारले, की तो दुसरे बांधावयास घेतो. प्रख्यात पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली यांनी १९३० च्या सुमारास अलिबागजवळच्या किहीम येथे या पक्ष्यांवर दिवसचे दिवस नजर ठेवून हा सारा व्यवहार उलगडून दाखविला. त्यांच्याजवळ मोठी प्रयोगशाळा नव्हती. घराजवळचे झाड, वही आणि चिकाटी एवढ्याच साधनांवर त्यांनी ते काम केले. हजारो लोक त्याच घरट्यांखालून रोज जात-येत होते. पण थांबून पाहणारा एखादाच निघाला.

डोंगरउतारावर कारवी वाढते. वारली कुटुंबे कारवीच्या काठ्यांचे कूड उभारतात, त्यांना माती-शेणाने लिंपतात, आणि अशाच भिंतींवर तांदळाच्या पिठाने ती जगप्रसिद्ध वारली चित्रे रेखाटली गेली. या कारवीला वर्षानुवर्षे फूल येत नाही. अनोळखी माणसाला ती नुसती काठ्यांची दाटी वाटते. आणि मग सुमारे सात-आठ वर्षांनी एका पावसाळ्याच्या अखेरीस त्या भागातील सगळी कारवी एकदम फुलते. डोंगरच्या डोंगर जांभळे होतात, मधमाश्यांची धांदल उडते. त्यानंतर बी धरून ती सारी झाडे एकदमच वाळून जातात. पुढील पावसाचे थेंब पडले, की सुकलेली बोंडे तडतडत फुटतात आणि बी चहूकडे उडते. इतके बी एकाच वेळी पडल्यामुळे किडा-मुंगी, पाखरे यांनी पोटभर खाल्ले तरी पुष्कळ शिल्लक उरते आणि तेच पुढे रुजते. फुलोऱ्याच्या आधीच्या वर्षी कोणी ही कारवी निरर्थक म्हणून उपटून टाकली असती, तर त्याला आपण काय गमावले हे कधीच कळले नसते. निसर्गाच्या कामाचा हिशेब माणसाच्या दिनदर्शिकेवर करता येत नाही.

पाहणाऱ्याने प्रामाणिकही असावे लागते. त्याची साक्ष रानपिंगळा देतो. मैनेहून फारसा मोठा नसलेला हा घुबडाच्या कुळातील पक्षी. घुबडे रात्रीची हिंडतात, हा मात्र दिवसाढवळ्या शिकार करतो. १८७२ साली त्याचा पहिला नमुना मिळाला. १८८४ नंतर तो शास्त्रज्ञांना दिसेनासा झाला आणि पुढे नष्ट झाला असे समजले जाऊ लागले. रिचर्ड माईनर्ट्‌झहॅगन या इंग्रज संग्राहकाने मात्र १९१४ साली गुजरातेत आपणास तो मिळाल्याचे लिहून ठेवले होते. त्यावर विसंबून शोध करणाऱ्यांच्या हाती काही लागले नाही. पुढे असे सिद्ध झाले, की त्याने संग्रहालयातील जुनाच नमुना चोरून त्यावर खोटी चिठ्ठी लावली होती. ही लबाडी ओळखल्यावर पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या नमुन्यांच्या मूळ ठिकाणांकडे वळले. नोव्हेंबर १९९७ मध्ये, आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील शहाद्याजवळ, तो पक्षी एका झाडावर सुखाने बसलेला आढळला. तब्बल ११३ वर्षे तो हरवला होता असे पुस्तकांत लिहिले होते. प्रत्यक्षात तो आपल्या रानातच होता!

पुढे २०१४ साली हाच रानपिंगळा तानसा अभयारण्यात दिसला. तानसाचे रान ठाणे आणि पालघर या जिल्ह्यांत पसरलेले आहे. मुंबईला पाणी पुरविणाऱ्या तलावाभोवतीचे हे अरण्य महानगरापासून काही तासांच्या अंतरावर आहे. जगात फक्त भारतात आढळणारा आणि एके काळी नष्ट समजला गेलेला पक्षी इतक्या जवळ असूनही इतकी वर्षे नोंदला गेला नव्हता. ‘नाही’ आणि ‘पाहिले नाही’ या दोन शब्दांत केवढे अंतर आहे, हे यावरून कळते. ज्या रानात पाहणी झालेली नाही, त्या रानात ‘विशेष काही नाही’ असे लिहिणे म्हणजे न वाचलेल्या पुस्तकावर अभिप्राय देण्यासारखे आहे.

यावर एक आक्षेप घेतला जाईल. निवटी आणि कारवी यांचे कौतुक करून माणसाचे पोट भरते काय? कारखान्यांत हजारो लोकांना काम मिळते. तारापूरच्या विजेवर घरांत दिवे लागतात, रुग्णालये चालतात. डहाणूजवळ वाढवण येथील मोठ्या बंदराची पायाभरणी २०२४ साली झाली. रस्ते, घरे, कारखाने लागणारच; ती कोठेतरी बांधावीच लागणार. हा आक्षेप खोटा नाही, आणि त्याला हसण्यावारी नेणे योग्य नाही. दिव्याखाली अभ्यास करणाऱ्या मुलाने विजेला नावे ठेवणे शोभत नाही. परंतु व्यापारीसुद्धा सौदा करताना तराजूच्या दोन्ही पारड्यांत काय आहे ते पाहतो. एका पारड्यात कारखाना मांडला आणि दुसरे पारडे रिकामे आहे असे धरून चालले, तर तो सौदा प्रामाणिक ठरत नाही. दुसऱ्या पारड्यात कोळंबीची पाळणाघरे आहेत, किनारा धरून ठेवणारी मुळे आहेत, कोळ्यांचा आणि वारल्यांचा चरितार्थ आहे. ते सर्व मांडून मग जो निर्णय होईल, तोच न्यायाचा होईल. विकास नको, असे कोणी शहाणा म्हणणार नाही. आंधळेपणाने नको, एवढेच म्हणणे आहे.

आणि याहूनही महत्त्वाची एक गोष्ट आहे. प्रत्येक जिवाचा माणसाला उपयोग दाखविता आलाच पाहिजे, असा हट्ट तरी का धरावा? खारफुटी मासे राखते म्हणून तिला जपावे, हे खरे. उंबराचा कीटक पाखरांना पोसतो म्हणून तो चांगला, हेही खरे. पण रानपिंगळ्याचा उपयोग कोणता, असे विचारले तर फारसे सांगता येत नाही. तो नसता तरी कोणाचे बाजारहाट अडले नसते. तरीही तो आहे, आणि माणसाच्या हिशेबाची वाट न पाहता आपले जीवन जगत आहे. घरातील वृद्ध आजीला कोणी ‘हिचा उपयोग काय?’ असे विचारीत नाही. तिचे घरात असणे हेच पुरेसे असते. पृथ्वी हे सर्वांचे घर मानले, तर त्या घरातील धाकट्या-थोरल्या रहिवाशांना हाच न्याय लावला पाहिजे. उपयोग हे मोजण्याचे एक माप आहे. ते एकमेव माप नव्हे.

हे सारे शिकण्यास दूरच्या देशांत जावे लागत नाही. सिंह, जिराफ, पेंग्विन यांची नावे मुलांना तोंडपाठ असतात; घराजवळच्या खाडीतील दहा जिवांची नावे विचारली तर ती गप्प होतात. त्यांच्या आजोबांना कदाचित ती नावे ठाऊक असतील. कोणत्या वाऱ्याला कोणता मासा किनाऱ्याशी येतो, हे कोळ्याला माहीत असते. कोणते झाड केव्हा फुलते आणि कोणता कंद केव्हा खणावा, हे वारली आजीला माहीत असते. हे ज्ञान छापील नाही म्हणून ते कमी प्रतीचे नाही. ते विचारून घ्यावे, वहीत उतरून ठेवावे. शिंदीवर पहिले घरटे कोणत्या दिवशी दिसले, कारवी कोणत्या वर्षी फुलली, उंबराला वर्षातून किती वेळा फळे आली, अशा साध्या नोंदींनीच मोठ्या शास्त्राचा पाया घातला जातो. मात्र नोंद करावी ती डोळ्यांनी आणि लेखणीने. जिवाला बाटलीत कोंडून नव्हे.

आज खिडकीशी बसलेली मुलेच उद्या या जिल्ह्यातील जमिनींविषयी निर्णय घेणार आहेत. कोणी अभियंता होईल, कोणी तलाठी, कोणी ग्रामपंचायतीचा सदस्य, तर कोणी आपल्या वडिलांची होडी चालवील. त्यांच्यापुढे कधीतरी एखादा कागद येईल आणि त्यावर एखाद्या जागेपुढे ‘पडीक’ असे लिहिलेले असेल. त्या वेळी सही करण्यापूर्वी त्यांनी एवढेच करावे: ओहोटीची वेळ पाहावी, त्या जागी जावे आणि थोडा वेळ स्वस्थ उभे राहावे. चिखल हलू लागेल. बिळांतून खेकडे बाहेर येतील, निवटी डोळे वर करून पाहू लागेल. मग त्या कागदावर काय लिहावे, हे त्यांचे त्यांनाच कळेल.